साखरेच्या जिल्ह्यातली किडलेली दाढ

मागच्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच माझी सहा वर्षांची मुलगी मध्यरात्री गाल धरून रडत उठली. सकाळी तिला सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी खुर्चीवरचा दिवा तिच्या तोंडावर वळवला, लहान आरसा आत धरला आणि मला जवळ बोलावून दाखवले. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेवर मोहरीएवढे काळे भोक होते. एवढेच आहे म्हणून मला हायसे वाटले. मग डॉक्टरांनी हातातल्या सळईचे टोक तिथे हलकेच टेकवले, तेव्हा वरचे पांढरे कवच आत दबले आणि खालची अर्धी दाढ ओल्या भुशासारखी मऊ झालेली दिसली. शेजारच्या दाढेला आणि उजवीकडच्या दोन दाढांनाही कीड लागली होती.

“दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत ना?” असे मी विचारले. त्यावर त्यांनी समजावून सांगितले, की या दाढा दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या आधीच काढल्या तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही. मग त्यांनी विचारले, “मुलगी गोड फार खाते का?” मी ठामपणे नाही म्हणालो. आमच्या घरात चॉकलेट क्वचित येते आणि मिठाई सणावारालाच होते. मी खोटे बोललो नव्हतो, पण माझे उत्तर चुकीचे होते, हे मला पुढच्या रविवारी कळले.

त्या रविवारी पत्नीने स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा ओट्यावर काढला आणि आम्ही मुलीचा शाळेचा एक साधा दिवस त्याच्यावर मांडला. सकाळच्या दुधात ती माल्टची पावडर घेते. दोन चमचे म्हणजे २० ग्रॅम पावडर भरली आणि डब्यावरच्या आकड्यांप्रमाणे तिच्यात ७ ग्रॅम साखर होती. वरून आम्ही एक चमचा साखर घालत होतो, ती ५ ग्रॅम भरली. मधल्या सुट्टीच्या डब्यात चार क्रीमची बिस्किटे असत, त्यांची साखर १५ ग्रॅम. शाळेतून येताना आंब्याच्या पेयाची १६० मिलीलीटरची डबी, १०० मिलीलीटरमागे १३ ग्रॅम या हिशेबाने २१ ग्रॅम. संध्याकाळी धिरड्याबरोबर एक चमचा टोमॅटो सॉस, ४ ग्रॅम. एकूण ५२ ग्रॅम झाले. पत्नीने तेवढी साखर वाटीत मोजून ठेवली. ती वाटी आम्ही दोघे बराच वेळ नुसती बघत बसलो, कारण या यादीतल्या एकाही पदार्थाला आमच्या घरात ‘गोड’ म्हणत नव्हते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ साली सांगितलेली मर्यादा अशी आहे, की दोन ते अठरा वर्षे वयाच्या मुलांच्या पोटात वरून घातलेली, म्हणजे पदार्थात मुळात नसलेली, साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी जावी आणि दोन वर्षांखालच्या बाळाला ती मुळीच देऊ नये. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते, की अशी साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत आणावी. या वयाच्या आपल्याकडच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १,३६० किलोकॅलरी आणि साखरेच्या एका ग्रॅममागे चार किलोकॅलरी धरल्या, तर दहा टक्के म्हणजे ३४ ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे अवघे १७ ग्रॅम होतात. आमच्या मुलीच्या वाट्याला पंधरा टक्के येत होते. इथे एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. पुड्यावर ‘दैनंदिन गरजेच्या इतके टक्के’ असा जो आकडा छापलेला असतो, तो २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसाच्या हिशेबाने, म्हणजे ५० ग्रॅम साखर धरून काढलेला असतो. त्या आंब्याच्या डबीतली साखर त्या हिशेबाने बेचाळीस टक्के ठरते. माझ्या मुलीच्या गरजेने मोजली तर तीच साखर दहा टक्क्यांच्या ढिल्या मर्यादेतलाही साठ टक्क्यांहून अधिक वाटा खाऊन टाकते.

मी हे सगळे सोलापुरात बसून लिहितो आहे, याचे मला भान आहे. आमचे घर माळशिरस तालुक्यातले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चार एकरांतल्या उसावर आम्हा भावंडांची शिक्षणे केली, आणि माझ्या इंजिनिअरिंगची फी ज्या महिन्यात भरली गेली तो महिना कारखान्याचे बिल जमा होण्याचा होता. माळीनगर, श्रीपूर, अकलूज ही गावे साखरेने उभी केली आहेत. हंगामात पहाटे उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने जाऊ लागल्या की आमच्याकडे तो आवाज सुबत्तेचा मानतात. त्यामुळे साखरेला विष म्हणणारे लेख वाचले की मला राग यायचा, आणि अजूनही तो शब्द मला पटत नाही. पण शेतातला ऊस आणि मुलाच्या डब्यातला पुडा यांच्यामध्ये जे घडते, ते मी कधी पाहिलेच नव्हते.

घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, असा नियम आहे. सगळा गोडवा ‘साखर’ या एकाच नावाने लिहिला, तर तो पहिल्या नाहीतर दुसऱ्या क्रमांकावर येईल. तोच साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन अशा चार नावांत वाटला गेला, की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते आणि वाचणाऱ्याला गव्हाचे पीठ आणि दूधच वर दिसतात. इन्व्हर्ट सिरप म्हणजे साखरेचा पाक फोडून केलेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण. त्याने बिस्किटाला रंग येतो आणि ते मऊ राहते. लिक्विड ग्लुकोज मक्याच्या किंवा अन्य स्टार्चपासून करतात. अमेरिकेत ज्याच्यावर एवढे लिहिले गेले त्या मक्याच्या फ्रुक्टोज सिरपमध्ये ४२ किंवा ५५ टक्के फ्रुक्टोज असते, आणि आपल्या उसाच्या साखरेत ते निम्मे असते, म्हणून ही दोन्ही जवळची भावंडेच मानावीत. माल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे स्टार्च फोडून केलेल्या पावडरीची, गोष्ट थोडी वेगळी आहे. जिभेला ते फारसे गोड लागत नाही आणि पुड्यावरच्या साखरेच्या आकड्यात ते मोजलेही जात नाही, परंतु पोटात गेल्यावर ते झपाट्याने ग्लुकोजमध्ये बदलते आणि रक्तातली साखर उसाच्या साखरेइतक्याच, किंबहुना अधिक वेगाने वाढवते. पौष्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींत ते सर्रास असते.

२०२० च्या लेबलिंग नियमांनुसार एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन्ही आकडे छापणे बंधनकारक आहे, ही चांगली गोष्ट झाली. फक्त ती अक्षरे इतकी बारीक असतात, की माझी आई ती चष्मा लावूनही वाचू शकत नाही, आणि नातीला दुपारी खाऊ तीच देते.

दाढेकडे परत येतो. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातले कॅल्शियम विरघळू लागते. लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि झालेली झीज काही अंशी भरूनही काढते, परंतु त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. एकदाच जेवणानंतर वाटीभर शिरा खाल्लेल्या मुलाच्या लाळेला हा वेळ मिळतो. दूध, बिस्किट, रस, पुन्हा बिस्किट असे दिवसभर चरणाऱ्या मुलाच्या तोंडात मात्र आम्ल उतरतच नाही. डॉक्टरांनी मला दुसरा प्रश्न विचारला तो हाच होता: “किती खाते हे राहू द्या, किती वेळा खाते ते सांगा.” साखरेच्या प्रमाणापेक्षा तिची वारंवारता आणि चिकटपणा अधिक घातक, हे ज्या प्रयोगातून पुढे आले तो स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ पासून काही वर्षे चालला होता. तिथे ठेवलेल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना, त्यांची संमती न घेता, दिवसभर चिकट टॉफ्या चारून त्यांचे दात किडू दिले गेले. आज आपण जे सहज सांगतो त्याची किंमत त्या असहाय माणसांनी मोजली आहे, आणि ते वाचल्यापासून मुलीला दुसऱ्या वेळी बिस्किट देताना माझा हात थबकतो.

दात दिसतात तरी. यकृत दिसत नाही. ग्लुकोज शरीरातली प्रत्येक पेशी वापरू शकते, फ्रुक्टोजचा भार मात्र बहुतांश यकृतावर पडतो, आणि एका वेळी फार आले तर यकृत त्याची चरबी करते. फळातही फ्रुक्टोज असते, परंतु ते चोथ्यासकट, पाण्यासकट, हळूहळू आत जाते आणि सहा वर्षांचे मूल एका बैठकीत तीन डाळिंबे खात नाही. तीन डाळिंबांच्या रसाइतका गोडवा दोन मिनिटांत पिऊन मात्र टाकते. दारूचा थेंब न शिवलेल्या मुलांच्या यकृतात चरबी आढळणे ही आता बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या बोलण्यातली गोष्ट झाली आहे. कॅलिफोर्नियात रॉबर्ट लस्टिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल मुलांवर एक अभ्यास केला होता. मुलांच्या आहारातली साखर कमी करून तेवढ्याच उष्मांकांचे पिष्टमय पदार्थ त्यांना दिले, म्हणजे पोट तेवढेच भरले, आणि अवघ्या नऊ दिवसांत त्यांच्या यकृतातली चरबी लक्षणीय उतरली. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे सांगायलाच हवे. तरीही नऊ दिवस हा आकडा मला फार आशादायक वाटतो, कारण मुलांचे शरीर इतक्या लवकर सावरायला तयार असते.

आपल्या देशात २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे दहा टक्के मुले मधुमेहपूर्व अवस्थेत आढळली. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात पाच.

लहानपणीच्या साखरेचे परिणाम किती लांब पोहोचतात, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ब्रिटनमधून आला आहे. दुसऱ्या महायुद्धापासून तिथे साखरेचे रेशनिंग होते. ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि लोकांचे साखर खाणे थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाले. रेशन उठण्याच्या आधी आणि नंतर जन्मलेल्यांच्या आरोग्याच्या नोंदी संशोधकांनी साठ-सत्तर वर्षांनी ताडून पाहिल्या आणि २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: ज्यांचे गर्भातले दिवस आणि पहिली दोन वर्षे रेशनिंगमध्ये गेली, त्यांच्यात टाइप दोन मधुमेहाचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचे सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. त्यांच्या आईबापांनी काही मुद्दाम केले नव्हते, दुकानात साखर मोजूनमापूनच मिळत होती एवढेच. बाळाच्या नाचणीच्या लापशीत “चव यावी म्हणून” साखर घालणाऱ्या प्रत्येक घराला हा निष्कर्ष कुणीतरी जाऊन सांगावा, असे मला मनापासून वाटते.

आता एक आठवण, जी लिहिताना आजही मला अपराधी वाटते. मे २०२४ मध्ये, सोलापूरचा उन्हाळा ऐन भरात असताना, मुलीला जुलाब सुरू झाले. मी रात्री औषधाच्या दुकानात गेलो आणि ओआरएस मागितले. दुकानदाराने सफरचंदाच्या चवीची कागदी खोकी पुढे केली. वर ती अक्षरे ठळक होती, मुलीला चव आवडली आणि तिने दोन खोकी पिऊन टाकली. पहाटेपर्यंत जुलाब वाढले आणि तिचे डोळे खोल गेले. बालरोगतज्ज्ञांनी ते खोके हातात घेतले, मागे वळवले आणि बाजूला ठेवले. खऱ्या ओआरएसमध्ये एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि त्याच्या जोडीला ठरलेल्या मापाचे क्षार असतात. हे प्रमाण जुळलेले असते म्हणूनच आतडे पाणी शोषून घेते. साखर त्याच्या कितीतरी पट झाली, की उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणजे मी तहानलेल्या मुलीला तिच्या अंगातले पाणी काढून घेणारे पेय पैसे देऊन आणून पाजले होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याच प्रश्नावर कित्येक वर्षे लढत होत्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हे शब्द वापरायला अखेर मनाई केली. त्या बाईंचे उपकार माझ्यासारख्या किती बापांवर आहेत, हे त्यांना कधी कळणारही नाही.

मग साखर सोडून काय द्यावे, असे विचारले की दोन उत्तरे हमखास येतात. पहिले गुळाचे. गुळावर माझे प्रेम आहे. गुऱ्हाळावर काहिलीतून गरम काकवी भाकरीवर ओतून घेतलेली चव मी विसरलेलो नाही. परंतु गूळ हीसुद्धा मुख्यतः साखरच आहे. त्यातले लोह आणि खनिजे इतकी थोडी असतात, की त्यांच्यासाठी मुलाला रोज गूळ चारणे योग्य ठरत नाही, आणि दातांना तर गुळाचा चिकटपणा जास्तच नडतो. ‘साखर नाही, गूळ आहे’ असे छापलेल्या बिस्किटांनी म्हणून फसू नये. दुसरे उत्तर शुगर-फ्रीचे. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते, अ‍ॅस्पार्टेम सुमारे २०० पट. पुड्यावर ती ९५५ आणि ९५१ या क्रमांकांनी येतात. दात त्यांनी किडत नाहीत, हे खरे. पण २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ती वापरू नयेत असा सल्ला दिला, आणि माझी चिंता त्याहून साधी आहे: ज्या जिभेला सहाशे पट गोडीची सवय लागली, तिला शेतातले बोर आंबट आणि ज्वारीची भाकरी बेचव लागणार.

दोन समजुतीही इथेच बाजूला ठेवतो. गोड खाल्ल्याने जंत होतात, हे खरे नाही; जंतांची अंडी मातीतून आणि न धुतलेल्या हातांतून पोटात जातात. गोड खाल्ले की मुले उधळतात, हेही १९९५ साली अनेक प्रयोग एकत्र तपासून पाहिले तेव्हा सिद्ध झाले नाही. साखरेवर खोटे आरोप केले, की खऱ्या आरोपांवरचा विश्वास उडतो.

एक गोष्ट मला कुणालाही दोष न देता लिहायची आहे. सोलापूर शहराच्या पूर्व भागात ज्या घरांत आई पहाटेपासून विड्या वळते आणि बाप यंत्रमागावर बारा तास उभा असतो, तिथे मुलाच्या सकाळच्या भुकेला चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा हेच सर्वांत स्वस्त आणि बिनकष्टाचे उत्तर असते. त्या पुड्याने भूक मरते आणि मग भाकरी, डाळ, शेंगदाणे यांच्यासाठी पोटात जागा राहत नाही. देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवले आहे. त्या मुलांच्या पोटातली जागा आपण साखरेने भरतो आहोत. सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये साखरयुक्त फसफसणाऱ्या पेयांवर ४० टक्के कर लावला, त्याचे स्वागत झाले. त्याच दिवशी बिस्किटे आणि चॉकलेटवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि फळांच्या गराच्या पेयांवरचा १२ वरून ५ वर. आंब्याच्या त्या डबीला फळाचा मान मिळाला, याचे मला वाईट वाटते. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना कोणत्या पदार्थात किती साखर असते हे दाखवणारे फलक लावायला सांगितले. आमच्या मुलीची मराठी शाळा त्या मंडळाची नाही, तरी आम्ही चार पालकांनी मुख्याध्यापिकाबाईंशी बोलून पाण्याच्या टाकीशेजारी तसा एक फलक लावला आहे, आणि त्यावर ग्रॅमऐवजी चमच्यांची चित्रे काढली आहेत, म्हणजे पहिलीतल्या मुलांनाही ती मोजता येतात.

घरात आम्ही फार मोठे काही केले नाही. माल्टची पावडर संपल्यावर पुन्हा आणली नाही. डब्यात कडक भाकरीचा तुकडा आणि दह्यात कालवलेली शेंगा चटणी, कधी भाजलेले शेंगदाणे, हंगामात डाळिंबाचे दाणे जातात. पहिले दोन आठवडे डबा तसाच परत येत होता आणि पत्नी तो बघून गप्प बसत होती. तिसऱ्या आठवड्यात तो रिकामा आला. पुरणपोळी, गुढीपाडव्याची गाठी आणि वाढदिवसाचा केक यांना आम्ही हात लावलेला नाही.

या संक्रांतीला गावी माझ्या भाच्याचे बोरन्हाण होते. अलीकडे बाळाच्या डोक्यावरून रंगीत गोळ्या आणि चॉकलेटेच ओतली जातात; या वेळी बहिणीने बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा आणि उसाचे करवे एवढेच घेतले, आणि मुठीभर हलवा. पोरांनी झडप घातली. माझ्या मुलीच्या वाट्याला उसाचे एक कांडे आले. तिने सवयीने ते डाव्या बाजूला धरले, तिथे आता दाढेवर स्टीलची टोपी आहे, चावता येईना. अण्णा हे ओसरीवरून बघत होते. ते उठले, विळा घेतला, कांडे सोलले, त्याचे बोटभर तुकडे केले आणि तिच्यापुढे धरले. ती उजव्या बाजूने सावकाश चघळत राहिली, आणि चोथा अण्णांच्या हातावर ठेवत गेली.